फुकट अँटीव्हायरसचं नवीन व्हर्जन टाकताना

फुकट अँटीव्हायरसचं नवीन व्हर्जन आलंय असा चौकोन स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात उगवला की आपल्याकडे बरेच जण 'नंतर' दाबून मोकळे होतात आणि बाकीचे जे सगळ्यात मोठं हिरवं बटण दिसेल ते दाबतात. मला दोन्ही पटत नाही. नवीन व्हर्जन टाकायलाच पाहिजे, पण बसून, एकेक ओळ वाचून टाकायला पाहिजे, आणि घरात ज्याला हे जमतं त्याने बाकीच्यांसाठी वेळ काढून ते करून द्यायला पाहिजे. नुकतंच मामांच्या कॉम्प्युटरवर केलं, सगळं डोक्यात ताजं आहे, म्हणून लिहून काढतेय. थोडं लांबेल.

मामा रिटायर्ड शिक्षक, साताऱ्याकडे असतात, आणि गेली काही वर्षं गावाचा इतिहास टाइप करतायत. जुने कागद स्कॅन केलेले, गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून रेकॉर्ड केलेलं, वंशावळी, जत्रेचे फोटो, सगळं त्या एका मशीनवर आहे. मशीन गेलं तर दुसरं आणता येईल पण त्यातली काही माणसं आता हयात नाहीत, त्यांचे आवाज कुठून आणणार? तर त्यांचा फोन आला, "अगं, तो अँटीव्हायरस रोज म्हणतोय नवीन व्हर्जन घ्या, पैसे मागेल का गं?" व्हायरसपेक्षा जास्त भीती त्यांना ह्याची होती की चुकून काहीतरी दाबलं जाईल आणि खात्यातून पैसे जातील. ही भीती मला अजिबात भाबडी वाटत नाही.

मी म्हटलं, मामा काही दाबू नका, आधी स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवा. फोटो आला तर त्यात दोन चौकोन. एक त्यांच्या अँटीव्हायरसचा खरा, आणि त्याच्यावरच दुसरा लालभडक, 'तुमचं सबस्क्रिप्शन संपलंय, पाच व्हायरस सापडलेत, ताबडतोब रिन्यू करा'. तो साफ खोटा, कारण त्यात ज्या कंपनीचं नाव होतं तिचं सॉफ्टवेअर मामांच्या मशीनवर कधी नव्हतंच, आणि खाली बारीक अक्षरात क्रोम आणि कुठल्यातरी अनोळखी वेबसाइटचा पत्ता होता. हे कसं होतं तर आपण पंचांग बघायला नाहीतर एखादं भजन शोधायला कुठल्यातरी साइटवर जातो, ती विचारते 'नोटिफिकेशन पाठवू का', आपण घाईत 'अलाउ' दाबतो, आणि मग ती साइट बंद केली तरी ब्राउझरमधून ती आपल्या कोपऱ्यात येऊन व्हायरसची भीती दाखवत बसते. मशीनमध्ये काही शिरलेलं नसतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, तिथे परवानगी दिलेल्या साइट्सची यादी असते, ओळखीचं नाव नसेल ते सगळं काढून टाकायचं. मामांच्या यादीत बरीच होती.

म्हणून माझा पहिला नियम हा की नवीन व्हर्जन कधीही चौकोनावर क्लिक करून घ्यायचं नाही. खाली घड्याळाशेजारी अँटीव्हायरसचं चिन्ह असतं ते स्वतः उघडायचं, आत अपडेट नावाची जागा शोधायची, आणि तिथे खरंच नवीन व्हर्जन दिसत असेल तरच घ्यायचं, तिथून नाहीतर थेट कंपनीच्या साइटवरून. ईमेलने 'तुमचं अँटीव्हायरस रिन्यू झालं, इतके पैसे कापले, नको असेल तर ह्या नंबरवर फोन करा' असं आलं तर तो नंबर फिरवायचा नाही. तिथे बसलेला माणूस 'पैसे परत देतो' म्हणत स्क्रीन शेअरिंगचं अॅप टाकायला लावतो आणि मग बँक उघडायला लावतो. हे मी मामांना दोनदा सांगितलं, मामींना बाजूला बसवून तिसऱ्यांदा सांगितलं.

आता मुळात नवीन व्हर्जन कशाला? मामांचाच प्रश्न, "रोज अपडेट होतंय की, मग आणि हे काय?" प्रश्न रास्त आहे. रोज, खरं तर दिवसातून बऱ्याचदा, जे येतं ती व्हायरसच्या ओळखीची यादी. अमुक फाइल अशी दिसते, ती पकडायची. पण ती यादी वापरून जे इंजिन फाइल उघडतं, झिप असेल तर सोडवतं, आत आणखी पॅक केलेलं असेल तर तेही सोडवतं, प्रोग्रॅम सुरू झाल्यावर तो काय करतोय ह्यावर नजर ठेवतं, ते सगळं मूळ प्रोग्रॅममध्ये असतं. इंजिन जुनं राहिलं तर नवीन यादीचा पुरता उपयोग होत नाही. आणि लोकांना सहसा माहीत नसलेली गोष्ट म्हणजे अँटीव्हायरस स्वतःच कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात जास्त अधिकार घेऊन बसलेला असतो आणि दिवसभर अनोळखी फाइली उघडत असतो, त्यामुळे त्याच्यातच भोक, म्हणजे बाहेरच्याला आत शिरता येईल अशी चूक, असेल तर ते सगळ्यात वाईट भोक. गुगलच्या प्रोजेक्ट झिरो ह्या भोकं शोधणाऱ्या गटातले टॅव्हिस ऑर्मंडी ह्यांनी २०१६ मध्ये सिमँटेक आणि नॉर्टन ह्या अँटीव्हायरसमध्ये असली भोकं दाखवली, आणि २०१७ च्या मे महिन्यात नॅटली सिल्व्हानोविच आणि त्यांनी मिळून विंडोजमध्येच येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडर ह्या अँटीव्हायरसच्या इंजिनात एक दाखवलं, ज्यात खराब फाइल नुसती मशीनवर आली आणि इंजिनाने तपासायला घेतली एवढंही पुरेसं होतं, माणसाने ती उघडायचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टने ते काही दिवसांत बुजवलं. पण बुजवलेलं इंजिन आपल्या मशीनवर यायला तर पाहिजे ना. 'नंतर' दाबत राहिलं की ते येत नाही.

मला ह्या सगळ्यात २००८ सालचं एव्हीजी ७.५ वरून ८ वर जाणं फार आठवतं. तेव्हा आपल्याकडे घरच्या मशीनवर, कॉलेजच्या पोरांकडे, एव्हीजी फ्री नाहीतर अवास्ट नाहीतर छत्रीवाला अवीरा, ह्यांतलंच काहीतरी असायचं. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावून घरी आणला की ऑटोरन.आयएनएफ ही आपोआप व्हायरस सुरू करणारी फाइल आलीच, 'न्यू फोल्डर' नावाचा दिसायला फोल्डर पण असायचा ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅम, आणि तो एक व्हायरस होता जो ऑर्कुट ही तेव्हाची सोशल साइट उघडली की 'ऑर्कुट इज बॅन्ड' म्हणून ब्राउझर बंद करायचा, वर हसायचा. अशा काळात ७.५ चा सपोर्ट जाणार आणि ८ घ्या असं कळलं. इन्स्टॉलर चाळीस एमबीच्या वर, आणि बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड म्हणजे रात्री दोन ते सकाळी आठ अनलिमिटेड, बाकी वेळी मोजून, त्यामुळे लोक रात्री डाउनलोड लावून झोपायचे. नवीन व्हर्जनमध्ये खरोखर चांगलं काय होतं तर आधी पाळत ठेवणारे प्रोग्रॅम पकडणारं जे अँटीस्पायवेअर वेगळं घ्यावं लागायचं ते फुकट व्हर्जनमध्येच आलं. आणि सोबत लिंकस्कॅनर नावाचं प्रकरण आलं. गुगलवर काही शोधलं की निकालातली प्रत्येक लिंक तो मागच्या मागे उघडून तपासायचा आणि समोर हिरवी खूण करायचा. कल्पना लोकांच्या भल्याचीच होती, पण ज्यांचं नेट मोजून मिळायचं आणि मशीनला ५१२ एमबी रॅम होती त्यांचं ते जड झालं, आणि तिकडे वेबसाइटवाल्यांना न आलेली माणसं आल्यासारखी दिसायला लागली, त्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा जुलैत कंपनीने ती पद्धत बदलली.

हे एवढं सांगायचं कारण, नवीन व्हर्जन म्हणजे नुसती दुरुस्ती कधीच येत नाही, तिच्याबरोबर चार नव्या गोष्टी येतात, त्यातल्या दोन लागतात दोन लागत नाहीत, आणि न लागणाऱ्या बाजूला ठेवायची सोय इन्स्टॉलरमध्ये असते पण ती मोठ्या बटणावर लिहिलेली नसते. तेव्हाही नव्हती, आजही नाही.

सुट्टीत मामांकडे गेले तेव्हा आधी बॅकअप. हे करायच्या आधी मी अँटीव्हायरसला हातच लावत नाही. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर इतिहासाचं आख्खं फोल्डर, फोटो, रेकॉर्डिंग, सगळं कॉपी केलं आणि डिस्क काढून कपाटात ठेवली. मामा म्हणाले, "व्हायरस काढणारं सॉफ्टवेअर टाकतोय आपण, त्याला एवढं घाबरायचं?" घाबरायचं नाही पण इतिहास बघायचा. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये एव्हीजीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची युजर३२.डीएलएल ही फाइल व्हायरस म्हणून धरली, फ्रेंच, डच, स्पॅनिश अशा काही भाषांच्या एक्सपीवर, आणि ती काढली की मशीन सुरूच होईना. २०१० च्या डिसेंबरमध्ये ६४ बिट विंडोज ७ वर पुन्हा तसंच, अपडेट आलं आणि मशीन चालू होईनात. आणि १९ जुलै २०२४ चं तर सगळ्यांना आठवत असेल, क्राउडस्ट्राइकची एक फाइल चुकीची गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या आकड्याप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर जाऊन बसली, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले होते. ते मोठ्या कंपन्यांसाठीचं सॉफ्टवेअर, घरगुती फुकटचं नव्हे, पण विंडोजच्या आतल्या ज्या थरात ते बसतं त्याच थरात घरचा अँटीव्हायरसही बसतो. असं वारंवार होत नाही. झालं तर मात्र कपाटातली डिस्क लागते.

मग डाउनलोड. नाव गुगलवर टाकलं की वर जाहिराती येतात आणि त्यातली एखादी भलतीकडेच नेते, म्हणून कंपनीचा पत्ता वर स्वतः टाइप केला. कंपनीच्या पानावरही पैसेवाल्या व्हर्जनचे रकाने मोठे आणि फुकटचं एका कडेला, तिथपर्यंत जायला धीर लागतो. जी फाइल उतरते ती अगदी छोटी असते, ती चालवली की खरं सॉफ्टवेअर नेटवरून येतं. आणि इथेच तो क्षण येतो, मधोमध मोठं बटण 'इन्स्टॉल', आणि खाली फिक्या अक्षरात 'कस्टमाइज'. ते फिकंच दाबायचं. आत गेल्यावर यादी येते. फाइलवर लक्ष ठेवणं, प्रोग्रॅमच्या वागण्यावर लक्ष ठेवणं, वेब, रॅन्समवेअरपासून, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसपासून, संरक्षण, हे ठेवलं. मशीन 'साफ' करणारं, ड्रायव्हर 'अपडेट' करणारं, त्यांचा स्वतःचा ब्राउझर, व्हीपीएन, हे सगळं काढलं, कारण ते आधी फुकट तपासतं, मग हजारभर 'दोष' दाखवतं, आणि दुरुस्त करायला पैसे मागतं. पैसेवाल्या व्हर्जनची ट्रायल देऊ का असं विचारलं, त्याला नाही म्हटलं. कार्डाचा नंबर कुठेही विचारला तर तिथून मागे फिरायचं, फुकटच्याला कार्ड लागत नाही, हे मामांना वहीत लिहून दिलं.

मामांच्या मशीनवर आणखी एक गुंता होता. फार वर्षांपूर्वी कुणीतरी टाकलेला दुसरा अँटीव्हायरस, लायसन्स कधीच संपलेलं, अजून आत होता. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दोघेही एकच फाइल एकाच वेळी तपासायला धरतात, मशीन रांगायला लागतं, कधी एकाने पकडून डांबून ठेवलेला व्हायरस दुसऱ्याला सापडतो आणि पुन्हा अलार्म. कंट्रोल पॅनलमधून काढलं तरी मागे त्याचे विंडोजमध्ये खोल बसलेले तुकडे, म्हणजे ड्रायव्हर, राहतात, म्हणून प्रत्येक कंपनी आपलं स्वतःचं काढायचं टूल देते ते घेऊन, सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच सुरू करून, काढलं. मामांची तक्रार होती की कॉम्प्युटर म्हातारा झालाय, तो त्या एका गोष्टीने बराच पळायला लागला. विंडोजचा डिफेंडर मात्र वेगळा बंद करावा लागत नाही, दुसरा आला की तो आपणहून बाजूला होतो आणि दुसरा काढला की परत उभा राहतो. खरंच कोण चालू आहे ते विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन बघायचं, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये नाव लिहिलेलं असतं.

रीस्टार्ट झाल्यावर नवीन व्हर्जनने पहिल्याच दिवशी काय पकडलं तर मामांचं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. हे आपल्या लोकांकडे फार होतं. ते कीबोर्डची प्रत्येक कळ मध्येच पकडून तिचं मराठी अक्षर करतं, आणि पासवर्ड चोरणारे कीलॉगरही कळा असेच पकडतात, त्यामुळे इंजिनाला संशय येतो. अशा वेळी लोक वैतागून अँटीव्हायरसच बंद करतात, नाहीतर आख्खा सी ड्राइव्ह तपासणीतून वगळतात, ते करू नका. ती फाइल व्हायरसटोटलवर चढवली, तिथे डझनावारी इंजिनं एकाच वेळी तपासून सांगतात, जवळजवळ सगळ्यांनी निर्दोष म्हटलं, मग तेवढ्या एका फाइलला सूट दिली. फक्त तिथे आपली खाजगी कागदपत्रं चढवायची नाहीत, चढवलेली फाइल इतर तपासणाऱ्यांनाही मिळू शकते. मग रॅन्समवेअर शील्डमध्ये इतिहासाचं फोल्डर घातलं, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅमला त्यात काही बदलताच येणार नाही. मला विचाराल तर नवीन व्हर्जनचा मामांना खरा फायदा हाच झाला.

चालतंय का हे बघायला ईकार नावाची चाचणी फाइल असते, ६८ अक्षरांची एक ओळ, निरुपद्रवी, पण सगळे अँटीव्हायरस तिला व्हायरस म्हणायचं असं ठरलेलं आहे. ती उतरवली आणि लगेच अडवली गेली. मामांना ते बघून जे समाधान वाटलं ते मी इतका वेळ बोलून वाटलं नव्हतं.

आता फुकटचं म्हणजे कंपनी कशावर चालते हेही बघायला पाहिजे. अवास्टचं प्रकरण ह्यात वाचण्यासारखं आहे. जानेवारी २०२० मध्ये बातम्या आल्या की अवास्टची जम्पशॉट नावाची उपकंपनी वापरणाऱ्यांचं ब्राउझिंग, म्हणजे कोण कुठल्या साइटवर गेलं हे, गोळा करून विकत होती. महिनाअखेरीला ती बंद केली. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातीसाठी असा डेटा विकायला बंदी घातली. जे सॉफ्टवेअर लोकांनी पाळत टाळायला घेतलं त्यानेच पाळत ठेवली ह्याचा मला आजही राग येतो. आणि 'मग एव्हीजी घेतो' म्हणून फरक पडत नाही, २०१६ मध्ये अवास्टनेच एव्हीजी विकत घेतली, आणि आता नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी, अवीरा हे सगळे जेन डिजिटल ह्या एकाच कंपनीचे आहेत. म्हणून कुठलाही असो, इन्स्टॉल झाल्या झाल्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीचं पान उघडायचं आणि डेटा शेअर करण्याच्या खुणा काढून टाकायच्या. नवीन व्हर्जन टाकलं की हे पान पुन्हा बघायचं. आणि ही सॉफ्टवेअरं बहुतेक करून घरगुती वापरालाच फुकट असतात, दुकानात किंवा ऑफिसात टाकायची परवानगी नसते, मामांच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही तेच सांगितलं.

डिफेंडर असताना दुसरा कशाला, असं कुणी विचारेल. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो पुरता अँटीव्हायरस म्हणून विंडोजमध्येच येतो आणि आता तो चांगला आहे, बहुतेक घरांना पुरतो. मामांना मात्र त्यांचा जुना ओळखीचा आहे, त्याची जागा, त्याचं चिन्ह सगळं सवयीचं, आणि वयाच्या ह्या टप्प्यावर सवयीची गोष्ट व्यवस्थित करून देणं मला जास्त बरं वाटलं. पण मशीन विंडोज १० चं आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि अँटीव्हायरस कितीही नवा टाकला तरी विंडोजची भोकं तो बुजवत नाही. घरगुती लोकांसाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव सिक्युरिटी अपडेट्स दिलीत, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्यात त्यांचं मशीन नोंदवलं. तोपर्यंत पुढचं काय ते ठरवायचंय.

निघताना मामांनी विचारलं मोबाइललाही टाकायचं का. मोबाइलचा धोका वेगळ्या दारातून येतो, व्हॉट्सअॅपवर लग्नाची पत्रिका म्हणून नाहीतर आरटीओचं चलन म्हणून एपीके, म्हणजे मोबाइलवर प्रोग्रॅम टाकणारी फाइल येते, ती उघडून इन्स्टॉल केली की मेसेज वाचायची परवानगी घेते आणि ओटीपी परस्पर जातात. प्ले स्टोअरच्या बाहेरचं काही टाकायचं नाही, प्ले स्टोअरची स्वतःची तपासणी, प्ले प्रोटेक्ट, चालू ठेवायची, आणि पैसे गेलेच तर जराही वेळ न घालवता १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, हे दोघांच्याही वहीत लिहून दिलं. मामींच्या लॅपटॉपचं अजून बाकी आहे, त्यावर विंडोज ११ आहे, तिथे दुसरं काही टाकणार नाहीये, डिफेंडरच ठेवणार.